बागेच्या देखभालीसाठी अनुभवी स्थानिक माळी कसा निवडावा

माळीकामाचा पडताळा उशिरा येतो, ही माळी निवडण्यातली खरी अडचण आहे. नळ दुरुस्त झाला की नाही हे नळ सोडताच कळते. झुडूप चुकीच्या वेळी छाटले गेले हे मात्र पुढच्या बहराची वेळ येऊन फुले दिसत नाहीत तेव्हाच ध्यानात येते. खोडाला अगदी घासून कापलेल्या फांदीची जखम आतून कुजत राहते आणि काही वर्षांनी झाड नेमके तिथेच कमजोर झालेले आढळते. जास्त पाण्यामुळे मुळे कुजू लागलेले झाड सुरुवातीला काही काळ हिरवेच दिसते. म्हणून काम संपल्यावर झाडलोट झालेल्या, नीटनेटक्या दिसणाऱ्या बागेवरून माळ्याची पारख करणे फसवे ठरते. पारख करायची ती कामाच्या पद्धतीची: माळी आधी काय पाहतो, काय विचारतो, हत्यार कधी उचलतो आणि कधी खाली ठेवतो, याची. ही पद्धत ओळखायची कशी, आणि माणूस सापडल्यावर काम ठरवायचे कसे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी आपल्या बागेची नोंद

शोध सुरू करण्यापूर्वी वही घेऊन बागेतून एक सावकाश फेरी मारावी. शक्य असल्यास हीच फेरी सकाळी, भर दुपारी आणि उतरत्या उन्हात पुन्हा मारावी, कारण कुठल्या कोपऱ्यात किती वेळ ऊन असते हे एका फेरीत कळत नाही. मोठी झाडे किती, झुडपे कोणती, वेली कशावर चढवलेल्या आहेत, हिरवळ किती जागेत आहे, कुंड्या किती आणि कोणत्या आकाराच्या, पाण्याचा नळ कुठे आहे आणि नळी कुठवर पोहोचते, हे सारे लिहून काढावे. झाडाचे नाव माहीत नसेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. गेल्या वर्षभरात कोणती झाडे मेली आणि कुठे मेली, ही नोंद विशेष महत्त्वाची, कारण एकाच जागी दोन वेगवेगळी झाडे मरत असतील तर दोष बहुधा झाडांचा नसून त्या जागेच्या मातीचा किंवा पाण्याचा असतो.

अशा संशयास्पद जागी निचरा तपासणे सोपे आहे. साधारण ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा आणि पाणी पूर्ण जिरू द्यावे. मग तो पुन्हा भरून दर तासाला पातळी किती उतरते ते मोजावे. ताशी २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उतरत असेल तर तिथला निचरा कमकुवत आहे असे समजावे. ही माहिती हाताशी असली की येणाऱ्या माळ्याबरोबरची पहिलीच चर्चा मुद्द्याची होते, आणि त्यांना या विषयातले किती कळते हेही लगेच उमगते.

नोंद झाली की कामांची विभागणी करावी. पाणी देणे आणि तण काढणे ही सतत चालणारी कामे आहेत. हिरवळ कापणे आणि कुंपणाची झुडपे कातरणे ही वाढीच्या वेगावर अवलंबून असतात. मोठी छाटणी आणि शेणखत किंवा कंपोस्ट घालणे हंगामानुसार येते. कुंडी बदलणे वर्षादीडवर्षातून एकदा. यांतले कोणते काम आपण स्वतः करणार आहोत हे प्रामाणिकपणे ठरवावे. रोजचे पाणी घरच्यांनी द्यायचे ठरले तर माळ्याच्या फेऱ्या पुष्कळ कमी होतात, पण घरचे वारंवार बाहेरगावी जात असतील तर तो हिशेब कोसळतो. जागेच्या मानाने सर्वाधिक वेळ खाणाऱ्या गोष्टी तीन आहेत: हिरवळ, कातरून आकारात ठेवलेले कुंपण आणि कुंड्या. यांपैकी एखादी कमी केली तर खर्चही कमी होतो, ही गोष्ट माळी शोधण्याआधी ध्यानात घेतलेली बरी.

उंच झाडांचे काम मात्र या यादीतून वेगळे काढावे. जमिनीवर उभे राहून हात पोहोचत नाही अशा उंचीवरच्या जाड फांद्या, विजेच्या तारांजवळची छाटणी आणि घराच्या बाजूला झुकलेले झाड ही कामे दोर, सुरक्षापट्टा आणि प्रशिक्षित साथीदार असलेल्या वृक्षतोडणीतल्या जाणकारांची आहेत. अनेक ठिकाणी मोठे झाड कापण्यास किंवा त्याची मोठी छाटणी करण्यास स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, तीही आधी तपासावी. नेहमीच्या माळ्याला भिडेखातर असे काम करायला लावणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे आहे, आणि जो माळी असे काम नम्रपणे नाकारतो त्याच्याविषयी माझे मत लगेच चांगले होते.

स्थानिक माळ्याचा शोध

स्थानिक माणसाचा आग्रह केवळ येण्याजाण्याच्या सोयीसाठी नसतो. त्या भागातली माती किती चिकट आहे, विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त आहे का, पहिला पाऊस किंवा पहिली कडाक्याची थंडी साधारण कधी येते, वारा कोणत्या बाजूने झोडपतो, मावा ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग कोणत्या दिवसांत वाढतो, हे ज्ञान पुस्तकातून पुरते मिळत नाही. शिवाय जवळ राहणारा माणूस अचानक आलेल्या उष्णतेच्या लाटेत किंवा वादळानंतर लवकर येऊ शकतो. तरीही जवळचा म्हणून अनुभवी आणि जुना म्हणून जाणकार असे गृहीत धरू नये. वीस वर्षे एकाच चुकीच्या रीतीने छाटणी करणाऱ्यालाही वीस वर्षांचा अनुभव असतोच.

शोधाची सगळ्यात खात्रीची वाट पायी फिरण्याची आहे. आपल्या परिसरातल्या बागा पाहाव्यात, आणि त्याही बहर नसताना, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कठीण दिवसांत. फुलांच्या दिवसांत बहुतेक बागा सुरेखच दिसतात. कडक उन्हाळ्यात किंवा हंगामाच्या अखेरीस जी बाग तग धरून असते तिथे कोणाचा तरी जाणता हात फिरत असतो. त्या घरी जाऊन विचारावे. शेजारी, चांगली रोपवाटिका, सार्वजनिक उद्यानात काम करणारी किंवा तिथून निवृत्त झालेली माणसे, आणि जवळ कृषी वा उद्यानविद्येचे महाविद्यालय असल्यास तिथला विभाग, इथूनही नावे मिळतात. रोपवाटिकेने सुचवलेला माळी दर फेरीला नवी रोपे आणायचा सल्ला देतो का, एवढे मात्र पुढे पाहत राहावे.

दोनतीन नावे मिळाली की फोनवर थोडक्यात बोलावे. सध्या किती बागा सांभाळता, कोणत्या दिवशी मोकळे असता, आणि ज्यांच्याकडे निदान दोन वर्षे सलग काम केले आहे अशा एखाद्या घराचा संदर्भ देऊ शकाल का, इतके विचारले तरी पुरे. बाग न पाहताच महिन्याचा आकडा सांगणाऱ्याला पुढे बोलावण्याची घाई करू नये.

पहिली भेट: माळ्याला चालू द्यावे

पहिल्या भेटीत घरमालक सहसा पुढे पुढे चालत एकेक झाड दाखवत जातो. असे न करता फाटकापाशी दोन शब्द बोलून माळ्याला त्यांच्या गतीने फिरू द्यावे आणि आपण मागे राहावे. जाणता माळी पानांची खालची बाजू उलटून पाहतो, कारण मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी बहुधा तिथेच असतात. तो कुंडीतल्या मातीत बोट खुपसतो, कुंडीच्या तळाच्या भोकांतून मुळे बाहेर आली आहेत का ते वाकून बघतो, खोड जमिनीला मिळते तिथली साल तपासतो. मग प्रश्न विचारतो: पाणी कुठले, शेवटचे खत कधी आणि कोणते घातले, औषध फवारले होते का, घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी आहेत का. आल्या आल्या हे काढा, ते उपटा, इथे अमुक लावा असे सांगत सुटणाऱ्या माणसाला आपली बाग अजून दिसलेलीच नसते.

यानंतर आपण प्रश्न विचारावेत. ते परीक्षा घेतल्याच्या सुरात नसावेत. बागेतल्या खऱ्याखुऱ्या झाडापाशी उभे राहून विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळते.

एखाद्या फुलझाडाकडे बोट दाखवून, याची छाटणी तुम्ही कधी कराल, असे विचारावे. यामागचे तत्त्व सरळ आहे. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांसारखी झाडे नव्या फुटव्यांवर फुलतात, त्यामुळे वाढीचा जोम सुरू होण्याच्या सुमारास छाटल्यास नवे फुटवे येतात आणि फुलेही येतात. काही झाडे मात्र आदल्या हंगामातल्या जुन्या फांद्यांवर कळ्या धरून ठेवतात. मोठ्या गुच्छांचा हायड्रेंजिया आणि वसंताच्या सुरुवातीला फुलणारी कितीतरी झुडपे या गटातली आहेत, आणि ती फुलण्याआधी छाटली तर त्या वर्षीचा बहर कात्रीखालीच जातो. माळ्याने ही विभागणी अशाच शब्दांत सांगितली पाहिजे असे नाही. हे फुलून गेल्यावरच कापायचे, एवढे जरी त्यांनी योग्य झाडाबद्दल सांगितले तरी त्यांना मर्म कळलेले आहे.

दुसरा प्रश्न पिवळ्या पानांचा. पाने पिवळी पडताहेत, काय करावे, असे विचारल्यावर लगेच खताचे किंवा औषधाचे नाव आले तर सावध व्हावे. योग्य उत्तराची सुरुवात उलट प्रश्नाने होते: कोणती पाने, खालची जुनी की शेंड्याकडची नवी? नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या वाढीला पुरवते, म्हणून आधी खालची पाने सरसकट पिवळी होतात. लोहाची कमतरता याच्या उलट नव्या पानांवर दिसते. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. अनेकदा मातीत लोह भरपूर असते, पण माती विम्लधर्मी (अल्कलाइन) असल्याने मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे नुसते खत वाढवून काही साधत नाही. माती ओली असूनही पाने पिवळी होऊन मलूल पडत असतील तर संशय मुळांवर घ्यावा लागतो, आणि अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे मरणाऱ्या मुळांना बुडवणे होय. इतका फरक करू शकणारा माळी भेटला तर त्याच्या इतर लहानसहान उणिवा सोसायला हरकत नाही.

पाण्याबद्दल विचारले असता रोज इतके मग असे ठरीव उत्तर देणाऱ्यापेक्षा बोट तीनचार सेंटिमीटर आत घालून बघेन आणि मग ठरवीन असे म्हणणारा माणूस बरा. मातीतल्या रुजलेल्या झाडाला थोडे थोडे रोज देण्यापेक्षा सावकाश, खोलवर मुरेल असे पाणी अंतराने दिले की मुळे खाली जातात. कुंडीचे गणित निराळे असते, कारण तिथे माती थोडी आणि ती चटकन वाळते.

किडीचा प्रश्नही विचारावाच. चांगला माळी आधी कीड ओळखतो, मग प्रादुर्भाव थोडा असल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढणे, रोगट फांदी कापून बागेबाहेर टाकणे, पिठ्या ढेकूण फडक्याने पुसून काढणे, निंबोळी अर्क वापरणे असे उपाय सांगतो आणि रासायनिक औषधाचे नाव शेवटी घेतो. मावा खाणारे ढालकिडे झाडावर असतील तर तो काही दिवस थांबायलाही सांगेल. औषध फवारावेच लागले तर वेष्टनावरची मात्रा मोजून घेणे, हातमोजे आणि मुखपट्टी वापरणे, वारा पडलेला असताना आणि मधमाश्या फुलांवर नसताना फवारणे, आणि फळभाज्यांच्या बाबतीत वेष्टनावर दिलेला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे किमान दिवस, पाळणे, या गोष्टी त्यांच्या बोलण्यात आपसूक याव्यात.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: या बागेत तुम्ही काय करणार नाही? बऱ्याच जणांना हा प्रश्न अनपेक्षित असतो. तरीही जो माणूस क्षणभर थांबून, हे झाड आत्ता हलवणार नाही, किंवा या कोपऱ्यातली पानगळ झाडून काढणार नाही, ती मातीवरच राहू देईन, असे काही सांगतो त्याला बागेची घाई नसते आणि घाई नसणे ही या कामातली निम्मी विद्या आहे.

जुन्या कामाची साक्ष

संदर्भ म्हणून दिलेल्या बागेला परवानगी घेऊन एकदा जरूर भेट द्यावी. तिथे फुलांकडे कमी आणि जुन्या कापांकडे जास्त पाहावे. फांदी जिथे खोडाला जोडलेली असते तिथे तिच्या बुडाशी किंचित फुगीर, सुरकुतलेले कडे असते. काप या कड्याच्या जरा बाहेरून घेतलेला असेल तर काही काळाने जखमेभोवती नव्या सालीची गोल, गुबगुबीत कडा तयार होते आणि ती आत आत सरकत जखम मिटवत नेते. कड्यासकट खोडाला घासून कापले असेल तर जखम लांबट आणि मोठी राहते, कडा एका बाजूला भरते आणि दुसऱ्या बाजूला भरत नाही. याउलट फांदीचा वीतभर खुंट तसाच सोडला असेल तर तो वाळून काळा पडलेला दिसतो आणि बोटाने दाबला तर भुसभुशीत लागतो. जाड फांदी नीट कापण्यासाठी आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून काप घेऊन फांदी उतरवणे, आणि शेवटी उरलेला खुंट कड्यापाशी साफ करणे अशी तीन कापांची रीत आहे. ती पाळली नाही तर फांदी पडताना खोडाची साल लांबवर सोलून नेते आणि ती सोललेली पट्टी वर्षानुवर्षे दिसत राहते. कापांवर रंग किंवा मलम फासलेले नसले तर त्याला दोष देऊ नये. सर्वसाधारण छाटणीत झाडाला त्याची गरज नसते. झाडांचे शेंडे सरसकट उडवून त्यांना भुंडे केलेले आढळले तर मात्र पुढे बोलणी करू नयेत. अशा झाडाला भराभर फुटवे येतात, लोकांना ती जोमाची खूण वाटते, पण ते फुटवे वरवर जोडलेले असतात आणि वाऱ्यात निखळतात.

त्याच बागेत आणखी काही खुणा सापडतात. हिरवळीत उभ्या असलेल्या झाडांच्या बुंध्याशी गवत कापण्याच्या यंत्राच्या दोरीने साल कुरतडली गेली आहे का ते पाहावे. ही जखम खोडाभोवती पूर्ण फिरली तर झाड मरते. पालापाचोळ्याचे आच्छादन पाच ते आठ सेंटिमीटर जाड आणि खोडापासून थोडे दूर असावे, खोडाला टेकवून ढीग केलेला नसावा. कुंपण वरच्यापेक्षा खाली किंचित रुंद कातरलेले असले की खालच्या पानांना ऊन मिळते आणि बूड उघडे पडत नाही. हिरवळ एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलेली नसावी. पांढुरकी, खरवडलेली हिरवळ हे त्या नियमाच्या उल्लंघनाचे लक्षण आहे.

हत्यारे पाहायला मिळाली तर उत्तम. सिकेटरची, म्हणजे छाटणीच्या कात्रीची, पाती धारदार आणि चिकाने न माखलेली असावीत. रोगट झाड कापल्यावर पाते ७० टक्के अल्कोहोलने किंवा अशाच जंतुनाशकाने पुसण्याची सवय असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे.

एका दिवसाचे काम, मोबदला देऊन

पसंत पडलेल्या माळ्याला थेट वर्षभराचे काम देण्याऐवजी एका दिवसाचे किंवा अर्ध्या दिवसाचे काम द्यावे आणि त्याचे पैसे पूर्ण द्यावेत. चाचणी म्हणून फुकट काम करवून घेणे अन्यायाचे आहे, आणि त्यातून सुरू झालेले नाते टिकत नाही. काम असे निवडावे की त्यात तण काढणे, एखादे झुडूप छाटणे आणि दोनतीन कुंड्या बदलणे असे तिन्ही प्रकार येतील, पण एखादी गोष्ट बिघडली तरी बागेचे मोठे नुकसान होणार नाही. कामापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे काढून ठेवावीत.

कुंडी बदलताना जवळ उभे राहून पाहण्यासारखे बरेच असते. झाड खोडाला धरून ओढून काढले जाते की कुंडी आडवी करून, कडेने थोपटून सैल केली जाते. बाहेर आलेल्या मातीच्या गोळ्याभोवती मुळे गुंडाळी करून फिरत असतील तर ती सोडवली वा कापली जातात की गोळा तसाच नव्या कुंडीत बसवला जातो. आणि नवी माती भरताना झाड पूर्वीच्याच खोलीवर राहते का, की खोड मातीत गाडले जाते. कलमी गुलाबाच्या वाफ्यात कलमाच्या जोडाखालून आलेले खुंटाचे, म्हणजे ज्या मूळ झाडावर कलम बांधले आहे त्याचे, फुटवे माळी ओळखतो का, हेही कळते. हे रानटी फुटवे जोमदार असतात, पण वाढू दिले तर वरच्या कलमाचा जोर ओढून घेतात आणि काही काळाने आपण निवडलेल्या फुलांचा गुलाब नाहीसा होतो. ते वरून नुसते छाटून भागत नाही. जिथून निघाले आहेत तिथवर माती बाजूला करून मुळाशी काढावे लागतात.

तण काढताना ते मुळासकट निघाले आहे की पाती तोडून वाफा वरवर साफ दिसतो आहे, हे दोनचार दिवसांत आपोआप उघड होते. म्हणून चाचणीचा निर्णय त्याच संध्याकाळी घेऊ नये. निदान पंधरवडा जाऊ द्यावा.

काम ठरवताना काय लिहावे

ओळखीचा माणूस, लहानसे काम, म्हणून लिखापढी टाळली जाते आणि पुढची बहुतेक कटुता तिथूनच सुरू होते. एका पानावरचा साधा करारही पुरतो, आणि माळ्याला वाचण्याची अडचण असेल तर तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. फेऱ्या किती, कोणत्या वारी, किती वाजता, प्रत्येक फेरीत कोणती कामे नेहमीची आणि कोणती वेगळ्या मोबदल्याची, हे आधी यावे. बागेला वर्षभर सारखे काम नसते; वाढीच्या दिवसांत जास्त फेऱ्या आणि झाडे सुप्त असताना कमी, अशी हंगामानुसार मांडणी दोघांनाही परवडते. सपाट महिनेवारीत शांत महिन्यांत उगीच कातरत बसण्याची वेळ येते आणि घाईच्या महिन्यांत वेळ पुरत नाही.

मोबदला फेरीप्रमाणे, महिन्याप्रमाणे किंवा कामाप्रमाणे ठरवता येतो. नियमित देखभालीला महिना, एकदाच करायच्या मोठ्या साफसफाईला ठोक काम आणि अनियमित गरजेला फेरी असा साधारण मेळ बसतो. दोन माळ्यांच्या दरांत मोठा फरक आढळला तर कमी दरवाल्याच्या हिशेबात काय धरलेले नाही ते विचारावे. कचरा उचलणे, हत्यारे आणि खत यांपैकी काहीतरी बहुधा वगळलेले असते. खते, माती, रोपे कोणी आणायची, पावती कोणी ठेवायची, आणि किती खर्चापर्यंत माळ्याने न विचारता खरेदी करावी, हे ठरलेले असावे. औषध फवारण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारावे, ही अट मी कधीच सोडणार नाही.

बागेतला पालापाचोळा बाहेर फेकण्यापेक्षा एका कोपऱ्यात कंपोस्ट करावा, आणि हे काम करारातच घालावे. वाळलेली पाने जास्त आणि ओला हिरवा कचरा कमी असा थर देत गेल्यास ढिगाला दुर्गंधी येत नाही. रोगट फांद्या आणि बी धरलेले तण मात्र त्यात जाऊ नये.

रजा, आजारपण, मुसळधार पावसामुळे बुडालेली फेरी आणि तिचा मोबदला, बदली माणूस पाठवण्याची मुभा, काम थांबवायचे असल्यास दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचे, या बाबींवर एकेक वाक्य पुरे. इजा झाल्यास उपचाराचा खर्च आणि विमा यांविषयी आपल्या भागातला कायदा काय सांगतो ते आधी समजून घ्यावे. मातीत काम करताना लहानशा जखमेतूनही धनुर्वाताचे जंतू शिरू शकतात, त्यामुळे माळ्याने धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे का, अशी आपुलकीने चौकशी करावी आणि घेतली नसेल तर त्याची व्यवस्था लावावी. पिण्याचे पाणी, सावलीत बसण्याची जागा आणि स्वच्छतागृह देणे हे उपकार नव्हेत. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या कामाच्या त्या किमान सोयी आहेत.

पहिले काही महिने

सुरुवातीच्या महिन्यात बागेत मोठे फेरबदल करू नयेत. नव्या माळ्याने माती, पाणी आणि सावली समजून घ्यावी, तण आणि वाळलेले भाग काढावेत, झाडांभोवतीची पाण्याची आळी नीट करावीत, एवढेच पुरे. घरातल्या एकाच व्यक्तीने सूचना द्याव्यात. एकाने पाणी वाढवायला आणि दुसऱ्याने कमी करायला सांगितले की माळी दोघांचेही मन राखू पाहतो आणि झाड मध्येच मरते.

फाटकाजवळ एक वही ठेवावी. तारीख, केलेले काम, घातलेले खत आणि त्याचे प्रमाण, दिसलेली कीड, एवढ्या चार गोष्टी दर फेरीला लिहिल्या जाव्यात. लिहिणे माळ्याला जमत नसेल तर त्यांनी सांगावे आणि आपण लिहावे. काम उशिरा फळणारे असल्याने ही वही नसेल तर कारण आणि परिणाम यांची सांगड कोणालाच घालता येत नाही. पाने कडेने करपली आणि वहीत आठवड्यापूर्वी रासायनिक खताची नोंद सापडली, तर निम्मे निदान तिथेच होते.

एक पूर्ण हंगाम गेल्यावर शांतपणे आढावा घ्यावा. वाफ्यातली माती पूर्वीपेक्षा भुसभुशीत लागते का, खुरप्याखाली गांडुळे दिसतात का, जी झाडे नेहमी आजारी पडत ती सावरली आहेत का, ठरल्या वेळी बहर आला का, हे पाहावे. दर फेरीला खत, प्रत्येक दुखण्यावर तीच एक फवारणी, आणि मेलेल्या झाडाच्या जागी कारण न शोधता पुन्हा तेच झाड, असा क्रम दिसत असेल तर आधी स्पष्ट बोलावे. बोलताना वही समोर ठेवावी, म्हणजे बोलणे माणसावर न घसरता कामावर राहते. काम चांगले असेल तर तेही त्याच स्पष्टतेने सांगावे आणि मोबदल्याचा फेरविचार माळ्याने मागण्याची वाट न पाहता करावा. आपली बाग ओळखणारा माणूस दुसरीकडे गेला तर नव्या माणसाला ती ओळख व्हायला पुन्हा सगळे ऋतू जावे लागतात.

बदल करावाच लागला तर तो मोठ्या छाटणीच्या किंवा लागवडीच्या ऐन तोंडावर करू नये. हिशेब पूर्ण चुकता करावा, किल्ल्या आणि उसनी हत्यारे परत घ्यावीत, आणि जाणारे माळी तयार असतील तर त्यांच्या त्या फेरीचे पैसे देऊन नव्या माळ्याबरोबर बागेतून एक फेरी करून घ्यावी. जमिनीखालचे नळ कुठून गेले आहेत, कोणत्या आळ्यात पाणी साचते, कोणत्या गुलाबावर अलीकडे नवे कलम बांधले आहे आणि त्याची पट्टी कधी सोडायची आहे, हे त्या फेरीत विचारून वहीत लिहून घ्यावे.